विझवलेला स्टोव्ह

बहात्तरच्या दुष्काळात पेरू देशातून पाथर्डीच्या दवाखान्यात आलेल्या रोसा नर्सला सकाळी तार आली. आई गेली होती. इतक्या लांब जाणं शक्यच नव्हतं. दुपारी तिनं खोलीवर आईच्या हातचा पदार्थ करायला घेतला. मोठ्याच्या, म्हणजे बैलाच्या मटणाच्या पट्ट्या, कांदा, टोमॅटो आणि तळलेले बटाटे. सगळं भडक आचेवर परतायचं.

तेल तापलं आणि शेजारच्या घरमालकीण झुंबरबाई आत आल्या. त्यांनी स्टोव्हची हवा सोडून तो विझवला.

"चुकलं, मावशी. तुमच्या जागेत हे शिजवायला नको होतं."

"ते तर तू दर आयतवारी शिजवतीस. मला काय वास येत न्हाई व्हय?" झुंबरबाई म्हणाल्या. "पर ज्याच्या घरात मयत, त्याची चूल पेटवत न्हाईत. शेजारनीच्या चुलीवरचं खायचं आस्तं."

त्या बाहेर गेल्या. स्वतःच्या दारासमोर तीन दगड मांडून त्यांनी काटक्या पेटवल्या आणि हाक मारली.

"कढई घिऊन ये, पोरी. मटनाला मी शिवायची न्हाई, ते तू परत. जाळ मी घालते."