पायाळू

डॉक्टर परचुरे पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेले. पायाळू माणसाची लाथ बसली की कंबरेची उसण पळते म्हणून सगळ्या कोरेगावानं लहानपणापासून त्यांच्यापुढे पाठ धरलेली. त्याला विटूनच ते शिकून सर्जन झाले आणि सांगलीत येऊन राहिले. पण जर्मनच्या लढाईवरून कंबर धरून परतलेला हवालदार जोतीराम त्यांना तिथंही हुडकत आलाच.

"लय लांबनं आलोय, सायेब. एकच लाथ घाला."

"अहो, तुमच्या मणक्यातली गादी सरकलीय! ऑपरेशन करावं लागेल. पाठीत सुई देतो, कंबरेखाली सगळं बधिर होईल. जागे असलात तरी काही कळणार नाही."

"सुई द्या, न्हाईतर आनि काय द्या. पर लाथ इसरू नगासा."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. टेबलावर पालथं पडल्यावरही जोतीरामचं तेच पालुपद चालू होतं. "बरं बाबा, बरं!" डॉक्टर शेवटी खेकसले आणि त्यांनी सुरी उचलली.

टाके काढल्यावर जोतीराम वॉर्डातनं ताठ चालून आला. डॉक्टरांची छाती फुगली. "काय हवालदार, आता तरी पटलं ना?"

"पटलं की! कवा मारलीसा त्ये कळलंबी न्हाई." जोतीरामनं पाठीवरचा व्रण चाचपला. "फकस्त बूट तेवढा काढायचा हुता, सायेब."