बाकावरचे दोघे

नोकरी सोडून कलाकार झाला तेव्हापासून बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. हल्ली तो अंगभर चंदेरी रंग फासून बागेतल्या बाकावर बसायचा. शेजारी त्यानेच वेल्डिंग करून घडवलेला, हुबेहूब त्याच्यासारखा लोखंडी पुतळा. दिवसभर दोघांनीही हलायचं नाही, बोलायचं नाही, एवढाच काय तो प्रयोग.

आज चक्क बाबा आले. आले आणि पुतळ्याला खेटून बसले.

"वाळलास रे," पुतळ्याच्या दंडावर हात ठेवत ते म्हणाले. "अंगही गार पडलंय. जेवतोस ना वेळेवर?" मग स्वतःची गुडघेदुखी, शेजाऱ्यांचं कुत्रं, आईची कटकट, असं कधीचं साचलेलं सगळं त्यांनी पुतळ्याच्या कानात ओतलं. जाताना त्याचा गालही कुरवाळला. प्रयोग मोडायला नको म्हणून मुलगा गप्प बसून राहिला.

संध्याकाळी आईचा फोन आला. "अरे, गेला बरं का बाबांचा राग! म्हणतात, पोरगं सुधारलं, एका शब्दाने उलटून बोललं नाही. रविवारी जेवायला बोलावलंय तुला."



मुलाने नीट विचार केला आणि पुतळा घरी पोचवायला रविवारचा टेम्पो सांगितला.