पुस्तक नावाची फाइल

चादरीत गुंडाळलेला सीपीयू मांडीवर घेऊनच इंद्रायणी महाळुंगे पडवळहून मंचरला आली. एसटीत शेजारच्या बाईने, बाळ झोपलंय का, म्हणून वाकून पाहिलं होतं.

सोनलने दुकानातल्या काउंटरवरच्या लग्नपत्रिका बाजूला सारून जागा केली. पत्रिका, झेरॉक्स आणि बिघडलेले कॉम्प्युटर असं सगळं ती एकटीच बघायची. तिने आधी एवढंच विचारलं, की फोनवर बोलणं झाल्यापासून मशीन चालू केलं होतं का. इंद्रायणीने नाही म्हणून मान हलवली.

"लई चांगलं केलं, ताई. जुन्याच्या जागेवर नवं काही बसलं, की मग देव आला तरी उपयोग न्हाई. आता सांगा, झालं काय?"

इंद्रायणीने सांगितलं. अण्णा, म्हणजे तिचे वडील सावळेराम गुरुजी, जाऊन सोळा दिवस झाले होते. ते गेले तेव्हा दशक्रियेचं कार्ड करायचं होतं. अण्णांच्या जुन्या कॉम्प्युटरवर नव्या फाइलमध्ये मराठी लिहायला गेलं की नुसते चौकोन उमटत. त्यावर अण्णांचीच युक्ती होती: फॉन्ट बसलेली फाइल उघडायची, आतलं सगळं पुसायचं, आपलं लिहायचं आणि दुसऱ्या नावाने सेव्ह करायचं. तिने 'पुस्तक' नावाची फाइल उघडली. त्या दिवशी अण्णांची एक ओळही वाचायची तिची हिंमत नव्हती. कीबोर्डवरची नजर न उचलता तिने सगळं पुसलं. पानाला चौकट आयतीच होती, तेवढं काम वाचलं. पहिली ओळ लिहून झाली आणि नाव बदलायच्या आधीच बोटं आपसूक सेव्हवर गेली. लाइटचा भरवसा नाही, ओळ झाली की सेव्ह करायचं, हेही अण्णांनीच तिला शिकवलेलं. कार्ड छापून आलं, वाटून झालं. आपण काय करून बसलो, ते तिला दशक्रिया उरकल्यावर कळलं.

सोनलने मान डोलावली. असं रोज होतं म्हणाली. मागं एका पत्रिकेवर दुसरी पत्रिका अर्धीच बदलून सेव्ह झाली, तर अवसरीच्या नवरीशेजारी खोडदचा नवरा छापून आला होता. इंद्रायणी हसली नाही, तशी ती कामाला लागली.

आधी तिने डिस्कची पुरती नक्कल काढली, म्हणजे मूळ मालाला धक्का नको. मग तात्पुरत्या फाइली चाळल्या. त्यात काही नव्हतं. दुसरी प्रत असेल म्हणून अख्खी डिस्क धुंडाळली. तीही नव्हती.

"वह्या असतील की गुरुजींच्या?"

वह्या नव्हत्या. एक वही टाइप करून झाली की अण्णा ती बंबात घालायचे. आता वाळवीची भीती गेली, असं अभिमानाने सांगायचे.

'पुस्तक' म्हणजे शब्दकोश होता. डोंगरातल्या शाळांवर अण्णांची नोकरी झाली. तिथल्या म्हाताऱ्यांकडून त्यांनी भाताच्या, नाचणीच्या वाणांची नावं, वाटांची, दगडांची, दुखण्यांची नावं गोळा केली होती. चार हजारांवर शब्द. सांगणारी बहुतेक माणसं आता राहिली नव्हती. राहिलेल्यांपैकी ठमाबाई दशक्रियेला दोन गाड्या बदलून आली होती. पुस्तक वर्षश्राद्धाला निघेल, असं इंद्रायणीच्या भावाने, भरतने, सगळ्यांसमोर जाहीर केलं, तेव्हा ठमाबाईने इंद्रायणीचा हात धरला होता.

"माजी भाताची नावं हायेत त्यात. आता मला समदी आठवत न्हाईत. पर गुरुजींनी लिवून घेतलीत, म्हनून घोर न्हाई."

भरतला अजून काही सांगितलेलं नव्हतं.

सोनल काम करता करता सांगत होती. पुढल्या वेळी उघडल्याबरोबर आधी नाव बदलायचं, मग पुसायचं. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक स्वतःच्याच मेलवर ठेवायची. इंद्रायणी ऐकत होती. पुढल्या वेळी म्हणजे कधी, ते तिला समजत नव्हतं.

शेवटचा उपाय उरला होता. मशीन अधूनमधून आपणहून जुन्या प्रती राखून ठेवतं, सोनल म्हणाली. पण दोन-चार महिन्यांपलीकडचं काही ठेवत नाही, जुनं टाकत जातं.

दोन-चार महिने पुष्कळ होते. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आई, साळुबाई, गेली, तेव्हापासून अण्णांना दुसरं काही उरलंच नव्हतं. सकाळी सहाला चहा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसायचे ते नऊला उठायचे. पूर्वी नवा शब्द मिळाला की पुण्याला फोन करून तिला ऐकवायचे. पुढे ते बंद झालं. कुठवर आलं, विचारलं तर चाललंय म्हणायचे. पुरं झाल्यावर एकदमच दाखवणार असतील, असं तिने धरलं होतं.

"सापडली," सोनल म्हणाली. "गुरुजी गेले त्याच्या आठ दिवस आधीची प्रत हाये. 'पुस्तक'च नाव."

इंद्रायणीने काउंटरची कड घट्ट धरली. सोळा दिवसांत पहिल्यांदा तिला रडू आलं. सोनलने पाण्याची बाटली पुढे केली आणि पुन्हा पडद्याकडे वळली. मग तिचा हात थांबला.

"ताई, प्रत अलीकडची हाये, पण फाइल शेवटची सेव्ह केलीय ती तीन वर्षांमागं. फेब्रुवारीत. त्यानंतर हात लागलेला न्हाई."

"असं कसं होईल? रोज तीन तास त्यावरच बसायचे."

 सोनलने फाइल उघडली. पानामागून पान यायला हवं होतं. चौकट असलेलं एकच पान आलं. त्यावर लिहिलं होतं:

'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, माझी पत्नी कै. सौ. साळुबाई हिचा दशक्रिया विधी...'