काठोकाठ

मित्सुएबाईंनी टबावरची जाळी उचलली आणि ती त्यांच्या हातून खालीच पडली. न्यूटची, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या पाणथळीतल्या जीवांची, पिल्लं पाण्यात उलटी तरंगत होती. बोटाच्या पेराएवढे जीव, फिकट केशरी पोटं वर. त्यांनी चमच्याने एकाला हलवून पाहिलं, मग दुसऱ्याला. तिसऱ्याला हात लावायचं धाडस झालं नाही.

बोनचे, पितर घरी येण्याचे, दिवस होते. आत पितरांना बसून यायला काकडीचा घोडा मांडलेला. या दिवसांत मित्सुएबाई अंगावर बसलेला डाससुद्धा मारत नसत, फुंकर घालून उडवत.

“वहिनी, आहात का?” मोरिवाकी गुरुजी मागच्या दाराने अंगणात आले. चार दिवस मुलीकडे राहून ते आजच परतले होते. टबाकडे नजर गेली आणि ते थेट तिकडे वळले.

या पिल्लांची अंडी त्यांनी आणि मित्सुएबाईंच्या यजमानांनी, कानेहारूंनी, गुडघाभर चिखलात उतरून गोळा केली होती. दुसऱ्याच दिवशी त्या भातखाचरावर मातीचा भराव पडला. गावात या जातीचं जे काय उरलं होतं, ते सगळं या टबात होतं. कानेहारू मांडीचं हाड मोडून तीन आठवडे इस्पितळात पडून होते. घरी आलो की पिल्लं देवळामागच्या ओढ्यात सोडायची, एवढ्या एका गोष्टीवर म्हाताऱ्याने दम धरला होता.

गुरुजींनी एक पिल्लू तळहातावर घेऊन चष्म्याजवळ नेलं. “कल्ले गळालेत.”

“परवापासून गळायला लागले. मला वाटलं पाणी नासलं. म्हणून उन्हात ठेवलेलं स्वच्छ पाणी घातलं, काठोकाठ. हे जाताना बजावून गेले होते ना, पाणी कमी पडू देऊ नकोस म्हणून.”

“वहिनी, ती आजारी नव्हती. मोठी झाली होती. कल्ले गेले की त्यांना आपल्यासारखी हवा लागते, पाण्याबाहेर यावं लागतं.” त्यांनी पिल्लू अलगद टबाच्या कडेवर ठेवलं. “बुडाली ही.”

“काहीतरीच काय बोलता! पाण्यातला जीव पाण्यात बुडतो होय?”

गुरुजींनी काठोकाठ भरलेल्या पाण्याकडे बोट दाखवलं. मित्सुएबाई टबाची कड धरून मटकन खाली बसल्या.

तीस वर्षं त्यांनी याच अंगणात मेदाका मासे वाढवले होते. भर उन्हाळ्यात त्यांच्या टबातलं पाणी कधी बोटभर उतरलं नाही. गावात कुणाचे मासे मरायला लागले तर आधी बोलावणं यायचं ते मित्सुएबाईंना. काल संध्याकाळी पिल्लं टबाच्या भिंतींवर चढायला लागली, तेव्हा ही उन्हाळ्यात सुकून मरतील म्हणून त्यांचा जीव खालीवर झाला. एकेकाला चमच्यात घेऊन त्यांनी पाण्यात सोडलं. पुन्हा चढली, पुन्हा सोडलं. शेवटी जाळी घट्ट बांधून मधोमध दगड ठेवला, तेव्हा जाळी पाण्याला टेकली आणि त्यांना हायसं वाटलं. एक द्वाड तेवढं जाळीच्या चुणीतून तीनदा निसटलं. तीनदा त्यांनी ते आत टाकलं. चौथ्यांदा वाकताना कंबरेत उसण भरली आणि त्या वैतागल्या. “मर तिथेच!” म्हणून घरात निघून गेल्या.

ते आठवताच त्या तशाच रांगत टबाच्या मागे गेल्या. कडेखाली, ओल्या शेवाळाला चिकटून ते बसलं होतं. गळा धपापत होता.

गुरुजींनी खाऊच्या रिकाम्या डब्यात ओला कागद अंथरला, वर शेवाळ ठेवलं, पाणी बाटलीच्या झाकणात मावेल तेवढंच. “मेलेलं खाणार नाही हे आता. समोर हललं तरच तोंड लावेल.”

मित्सुएबाईंनी भेंडीचं एक पान तोडून आणलं. मागच्या बाजूला मावा कीड नुसती थापलेली. आजच ती झाडं साबणाच्या पाण्याने धुऊन काढायची होती. पान डब्यात ठेवलं. पिल्लाने एक हलणारा ठिपका बराच वेळ न्याहाळला आणि गट्‌कन गिळला. मित्सुएबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

तेवढ्यात त्यांच्या एप्रनच्या खिशात फोन वाजला. इस्पितळातून कानेहारू रोज याच वेळी फोन करत.

“अगं, एक सांगायचं राहूनच गेलं बघ,” त्यांचा आवाज खणखणीत होता. “कल्ले गळायला लागले की पाणी काढून टाकायचं हं. अजून आठवडाभर आहे म्हणा, पण तू विसरशील.”

 मित्सुएबाईंनी डब्याकडे पाहिलं.

“एक बाहेर आलंय,” त्या कशाबशा म्हणाल्या. “मावा खातंय.”

“इतक्यात? शाबास! मला न् मोरिवाकीला तरी जमलं असतं का? काय केलंस गं त्याला?”

“मर तिथेच म्हणाले.”

कानेहारू पोट धरून हसले. हसताना मांडी दुखली असावी, मध्येच कण्हले. “आणि बाकीच्यांना?”

गुरुजींनी मान फिरवली.

“बाकीच्यांची मी काळजी घेतली,” मित्सुएबाई म्हणाल्या.