ओळंबा

“हा आरसा वाकडा लावलाय,” मिस्त्री म्हणाले. “आणि मागची भिंतही ओळंब्यात नाही. ज्याने बांधली त्याला आणा माझ्यासमोर.”

आरसा सरळच होता. वाकडे होते ते मिस्त्री. दोन लोखंडी दांड्यांच्या मध्ये ते उभे होते, सगळं अंग डावीकडे कललेलं. फिजिओबाईंनी खांदा लावून धरलं होतं म्हणून, नाहीतर केव्हाच जमिनीवर आले असते. पक्षाघाताने डावी बाजू लुळी पाडली त्याला तीन आठवडे झाले होते. उजवा हात शाबूत होता. हट्ट तर दोन्ही बाजूंनी शाबूत होता. आणि तो धडधाकट हातच दांडा धरून त्यांना डावीकडे रेटत होता.

“काका, ढकलू नका.”

“मी कुठे ढकलतोय? तुम्हीच मला उजवीकडे पाडताय.”

बाईंनी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. गोड बोलून वेळ मारून नेणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

“काका, पायात जोर आलाय. अडलंय ते या कलण्यावर. सरळ काय ते सांगणारी मेंदूतली वाट बुजलीय. बाजूने नवी पाडायची, आणि ती चालून चालूनच पडते. बारा वाजता डॉक्टर येतील. कुणी न धरता पाच पावलं टाकलीत, तर तुम्हाला अजून महिनाभर इथे ठेवून घेता येईल. नाहीतर ही जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. मग तुम्ही घरी, खाटेवर.”

खाट म्हटल्यावर मिस्त्रींनी मान फिरवली. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं उभी केली, आता आडवं पडून स्वतःच्या घराचं छत मोजत बसायचं, या विचाराने त्यांना भीती वाटत होती. भीती वाटते याचा राग येत होता, आणि तो राग भिंतीवर निघत होता.

“पिशवी उघड,” ते खुर्चीमागे उभ्या असलेल्या लेकीला म्हणाले. “एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.”

लेकीने पिशवीतून त्यांचा ओळंबा काढला. दोरी, दोरीत ओवलेली लाकडी ठोकळी आणि खाली पितळेचं वजन. माझा ओळंबा आण, मग दाखवतो या लोकांना, असा त्यांनी दोन दिवस तिच्यामागे धोशा लावला होता. ती स्टुलावर चढली आणि ठोकळी वरच्या बाजूला आरशाच्या चौकटीला टेकवली.

“पंखा बंद कर आधी. वाऱ्यात ओळंबा बघतात होय?”

पंखा थांबला. वजन डोललं, स्वतःभोवती फिरलं, हळूहळू निवांत झालं. कोपऱ्यात व्यायामाच्या सायकलीवर बसलेल्या पेशंट आजीही पाय थांबवून बघू लागल्या. वजन चौकटीला जेमतेम शिवून लटकत राहिलं. ना आत, ना बाहेर. चौकट सरळ होती.

“भिंतीला लाव,” मिस्त्री म्हणाले.

लेकीने भिंतीला लावलं. तिथेही तेच.

मग लेक स्टुलावरूनच म्हणाली, “बाबा, मी लहान असताना तुम्ही पुरुषभर उंचीची भिंत पाडायला लावली होती. तो गवंडी गयावया करत होता, मिस्त्री, मला तर सरळच वाटतेय. काय म्हणाला होतात त्याला?”

मिस्त्रींची जीभ अजून जड होती, तरी शब्द स्पष्ट आले. “वाटण्यावर भिंत उभी राहत नाही.”

ते ओळंब्याकडे बघत होते. “आरशाच्या मधोमध टांग ती दोरी,” ते म्हणाले. “आणि मला उठवा.”

आता दोरी त्यांच्या समोर होती आणि दोरीमागे आरशात ते स्वतः. डोकं दोरीपासून चांगलं वीतभर डावीकडे. सदऱ्याची बटणं तिरकी, शिकाऊ माणसाने रचलेल्या विटांसारखी. मिस्त्रींना लाज वाटली. त्यांनी उजव्या हाताची पकड एकेक बोट करत सैल केली.

उजवीकडे खोल खड्डा होता आणि ते आपण होऊन त्यात उतरत होते. निदान अंग तरी तसंच सांगत होतं. खालचं बटण दोरीमागे आलं, मग वरचं, मग हनुवटी. नाकाला सगळ्यात उशीर लागला.

बाईंनी खांदा काढून घेतला. पंजा तेवढा उघडा ठेवला, चार बोटं अंतरावर.

डावा पाय फरफटत पुढे गेला. “एक,” आजी सायकलीवरून म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. उजवा पाय पडला. दोन. तिसऱ्या पावलाला मिस्त्री डावीकडे झुकले आणि एकदम बरं वाटलं, हलकं, अगदी सरळ उभं राहिल्यासारखं. त्यावरूनच त्यांना कळलं की चुकलं. दात आवळून ते पुन्हा त्या खड्ड्याच्या बाजूला आले. दोरीमागे आले. चौथं पाऊल टाकलं.

दारात डॉक्टर येऊन उभे राहिले होते. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मिस्त्रींचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. आरशापाशी उभ्या असलेल्या लेकीला राहवेना. “बाबा, पडतोय असं वाटतंय का?”

“वाटतंय,” दोरीवरची नजर न हलवता मिस्त्री म्हणाले. “म्हणजे सरळ आहे. सरक बाजूला.”

आणि त्यांनी डावा पाय उचलला.