चकाकी

दोनदा बुडबुडे आले, दोनदा सगळं खरवडावं लागलं. तिसऱ्यांदा ओतलेलं पारदर्शक ग्लेझ मात्र केकवर आरशासारखं चकाकलं. वैतागलेली रेवती एकदाची खोका आणायला आत गेली.

परत येऊन बघते तर केकवर काळा ठिपका! शेजारी सासूबाई, बोटाला काजळ.

"आई, अहो काय केलंत हे! सकाळपासून मरमर मरतेय मी, गिऱ्हाईक येईल आता!"

आजवर तिच्या केकना नाकं मुरडणाऱ्या सासूबाई पुटपुटल्या, "इतका देखणा झालाय गं, माझीच दृष्ट लागली असती."

धुसफुसत रेवतीनं सुरीच्या टोकानं काजळ उचललं. चकाकीवर ओरखडा राहिलाच. तो झाकायला साखरेचं फूल समोरच होतं.

तिनं वितळलेल्या चॉकलेटची तीट लावली.