घड उतरल्यावर

अण्णाराव अंगणात येरझारा घालत होते. तोंड बंद, त्यामुळे चिडचिड सगळी पायांत उतरली होती. घशाचं ऑपरेशन करून नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही. आणि आज रविवार. अंगणालगतच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात माणसं जमू लागली होती.

"पास्टरसाहेब, आज सभा कोण चालवणार?" मारोतीने दारातून विचारलं. अण्णारावांनी मान फिरवली.

चालवणार कोण? हाच मारोती एकदा उपदेशाला उभा राहिला होता. बायबलमधलं एक वचन चुकलं, तसं अण्णारावांनी त्याला भर सभेत खाली बसवलं. सून गीतांजली एकदा मोठ्याने प्रार्थना करू लागली, तर "आधी विश्वासात मुरा, मंग बघू," म्हणून तिला गप्प केलं. अण्णारावांचा देवावर भरवसा दांडगा, माणसांवर मात्र तोळाभरही नाही. इतकी वर्षं बोलले ते एकटेच.

जीव कुठंच लागेना. विळा घेऊन ते कुंपणाजवळच्या केळीपाशी बसले. बुंध्याशी पिलं, म्हणजे नवे कोंब, फुटली होती. पिलं आईचं बळ खातात, दिसली की छाटायची, हा त्यांचा शिरस्ता. दोन छाटली. उरलेल्या एकावर विळा ठेवला, तोच गीतांजलीने मनगट धरलं.

"मामा, घड तर कवाच उतरला. ही केळ आता परत फळणार न्हाई. हे बी पील कापलं तर मागं काय राहील?"

हे काय त्यांना कोणी सांगायला हवं होतं? केळीच्या बागांच्या अर्धापुरात शेंबडं पोरही जाणतं. तरी अण्णारावांना लाज वाटली, आणि ती केळीपुरती नव्हती. प्रार्थनाघरातून माणसांच्या खोकण्याचे आवाज येत होते. आपल्यामागं तिथं कोण उभं राहणार, याचा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता.

विळा टाकून ते आत गेले. मेजावरचं बायबल उचलून त्यांनी गीतांजलीच्या हातात दिलं आणि मारोतीशेजारी सतरंजीवर बसले.

गीतांजली प्रार्थना करू लागली. मधेच वचन चुकलं. ती थांबली. सगळ्यांनी अण्णारावांकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, तशी मारोतीने मान खाली घातली. पुढचं त्याला ठाऊक होतं.

डॉक्टरांची ताकीद मोडून, फाटक्या आवाजात अण्णाराव म्हणाले, "आमेन."